अडीच हजार गाड्यांचा नियम : लान्सर ईव्हो, इम्प्रेझा एसटीआय आणि पुढे काय

ऑक्टोबर १९९२ मध्ये मित्सुबिशीने लान्सर ईव्होल्यूशन बाजारात आणली ती दोन प्रकारांत. एक जीएसआर, चार माणसांनी बसून ऑफिसला जावं अशी. दुसरी आरएस. आरएसमध्ये एसी नाही, काचा हाताने फिरवायच्या, चाकं साधी लोखंडी. बॉनेटखाली मात्र तेच दोन लिटरचं टर्बो इंजिन (धुराच्या जोरावर जादा हवा आत कोंबणारं), २५० पीएस म्हणजे अश्वशक्ती, आणि ताकद चारही चाकांना. वजन जेमतेम ११७० किलो. शोरूममध्ये कुणी कुटुंब घेऊन गेलं असतं तर विक्रेत्यानेच त्यांना आरएसपासून लांब ठेवलं असतं.

मग एवढी मोठी कंपनी अशी गाडी विकायला का काढते? या प्रकरणातला खरा प्रश्न तो आहे. ईव्हो मोठी की तिची स्पर्धक, सुबारूच्या इम्प्रेझाची तिखट आवृत्ती एसटीआय मोठी, हे भांडण गेली तीस वर्षं चाललंय आणि मीही त्यात हिरिरीने भाग घेतलाय. पण दोन्ही गाड्या कशा जन्मल्या आणि कशा संपल्या हे पाहायचं, तर इंजिनाआधी नियमांचं पुस्तक उघडावं लागतं.

१९८६ साली रॅलीतल्या, म्हणजे बंद केलेल्या खऱ्या रस्त्यांवर घड्याळाशी खेळल्या जाणाऱ्या शर्यतींतल्या, 'ग्रुप बी' वर्गाच्या गाड्या हाताबाहेर गेल्या. पोर्तुगालमध्ये गाडी प्रेक्षकांत घुसली, मे महिन्यात कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो दरीत जळून गेले. पुढच्या वर्षापासून ग्रुप बी बंद आणि सगळ्यात वरचा वर्ग ठरला 'ग्रुप ए'. त्याची अट साधी होती. ज्या गाडीवर रॅली खेळायची, ती गाडी सामान्य गिऱ्हाइकालाही विकलेली असली पाहिजे. आधी वर्षाला ५००० गाड्या लागत, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा २५०० वर आला. म्हणजे रॅलीच्या गाडीत जे हवं ते आधी रस्त्यावरच्या गाडीत घालायचं, तशा अडीच हजार गाड्या खपवायच्या, आणि मग स्पर्धेत उतरायचं. टर्बो हवा? विका टर्बो. चार चाकांना ताकद हवी? विका तशीच. बॉनेटवर हवा घेणारं भोक हवं? तेही भोक पाडून विका.

आरएस त्या नियमाची लेक होती. ती विकत घेणारा माणूस घरी नेऊन तिचं सगळं काढून टाकणारच होता, तर कंपनीने आधीच काढून दिलं.

सुबारूने महिनाभरानेच, नोव्हेंबर १९९२ मध्ये, इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणली. हिचीच तिखट आवृत्ती पुढे एसटीआय झाली. तिचीही 'टाइप आरए' नावाची उघडीवाघडी बहीण होती, जवळजवळचे गिअर असलेली. दोन्ही कंपन्यांचं गणित इतकं सारखं होतं की एकाने दुसऱ्याची वही पाहिली असावी असं वाटतं. मित्सुबिशी तोवर गॅलंट व्हीआर-४ घेऊन खेळत होती, सुबारू लेगसी आरएस घेऊन. दोन्ही गाड्या अंगाने मोठ्या, जंगलातल्या अरुंद रस्त्यावर जड जाणाऱ्या. दोघांनीही तेच इंजिन आणि तीच चारचाकी यंत्रणा उचलली आणि धाकट्या भावात कोंबली. गॅलंटची लान्सर झाली, लेगसीची इम्प्रेझा. लेगसीने एक तरी जागतिक रॅली जिंकल्याशिवाय इम्प्रेझा मैदानात उतरवायची नाही, अशी सुबारूची अट होती. ऑगस्ट १९९३ मध्ये कॉलिन मॅक्रेने न्यूझीलंडला लेगसीतून ती पुरी केली. लगेच पुढच्या फिनलंडच्या रॅलीत इम्प्रेझा आली आणि आरी वाटानेनने तिला दुसऱ्या क्रमांकावर आणून सोडलं.

दोन जपानी कंपन्या, दोन इंग्रजी गावं

हे वैर जपानी म्हणतात खरं, पण त्याच्या रोजच्या लढाया इंग्लंडमध्ये लढल्या गेल्या. सुबारूचा संघ बॅनबरी गावातली प्रोड्राइव्ह ही कंपनी चालवायची. तिचा मालक डेव्हिड रिचर्ड्स, १९८१ साली वाटानेन जगज्जेता झाला तेव्हा त्याच्या शेजारी बसून रस्त्याच्या नोंदींची वही वाचणारा माणूस. मित्सुबिशीचा रॅली संघ, रॅलिआर्ट युरोप, तिथून फार लांब नाही, रग्बी गावात. तिथे प्रमुख होता स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवन.

कोवनवर दोन ओळी जास्त लिहितो, कारण हा माणूस मुंबईत येऊन गेलेला आहे. १९६८ सालच्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये गाड्या लंडनहून रस्त्याने निघून मुंबईपर्यंत आल्या आणि इथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. ती शर्यत कोवनने हिलमन हंटर या अगदी सरळमार्गी गाडीतून जिंकली. साधी चार दारांची गाडी टिकाऊ केली की भल्याभल्यांना मागे टाकते, हे तो आपल्या बंदरातून जातानाच शिकत होता, असं मला उगीच वाटतं.

आपल्याकडच्या मुळांचा आणखी एक धागा मित्सुबिशीला बांधलेला आहे. लान्सर हे नाव रॅलीच्या जगात गाजलं ते १९७४ च्या सफारी रॅलीत, आणि ती जिंकणारा होता केनियाचा जोगिंदर सिंग. त्याची गाडी लान्सर १६०० जीएसआर. अठरा वर्षांनी ईव्होच्या डिकीवर तीच तीन अक्षरं पुन्हा आली.

आकडा सारखा, डोकं वेगळं

जपानी कंपन्यांचा तेव्हा आपसांत एक अलिखित करार होता. कुठल्याही गाडीची ताकद कागदावर २८० पीएसच्या वर दाखवायची नाही. २००४ मध्ये तो मोडेपर्यंत सगळ्यांनी पाळला, निदान कागदावर तरी. १९९६ मध्ये ईव्हो ४ त्या रेषेला टेकली, इम्प्रेझाही टेकली. आता जाहिरातीत 'आमची ताकद जास्त' म्हणायची सोयच उरली नाही. म्हणून झगडा सरकला तो ताकद चाकांपर्यंत कशी पोचते याकडे. माझ्या मते या दोन गाड्या इतक्या चांगल्या निघाल्या त्यामागे हा करार मोठं कारण आहे. घोडे वाढवायला बंदी घातली की माणूस लगाम सुधारतो.

मित्सुबिशीने लगाम संगणकाच्या हाती दिला. ईव्हो ४ पासून मागच्या डिफरन्शियलमध्ये (चाकांत ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचात) एवायसी नावाची यंत्रणा आली. वळणावर बाहेरच्या मागच्या चाकाला जास्त ताकद ढकलायची, म्हणजे गाडी आपणहून आत वळते. ईव्हो पहिल्यांदा चालवणारा हमखास म्हणतो की आपण अचानक चांगले चालक झालो. आपण काही झालेलो नसतो. मागे एक पंप मुकाट काम करत असतो. तोच पंप गंजून बसला की मालकाचा चेहरा पडतो, कारण तो स्वस्तात मिळत नाही.

सुबारूने लगाम चालकाच्या अंगठ्याखाली ठेवला. डीसीसीडी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलचं कुलूप किती आवळायचं ते ठरवणारं एक दातेरी चाकच गिअरच्या दांड्यामागे बसवलं. ओल्या मातीवर आवळा, कोरड्या डांबरावर सैल सोडा. कुठे किती, ते तुम्हीच शिका.

इंजिनांतही स्वभाव दिसतो. ईव्होचं ४जी६३ उभ्या सिलिंडरांचं, गाडीत आडवं बसवलेलं, लोखंडी ब्लॉकचं. मार खाऊनही न कुरकुरणारं. सुबारूचं ईजे२० बॉक्सर, म्हणजे पिस्टन दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले, त्यामुळे वजन जमिनीलगत. तिचा तो प्रसिद्ध घरघराट मात्र कुणी मुद्दाम घडवलेला नाही. एका बाजूच्या दोन सिलिंडरांचा धूर टर्बोपर्यंत जायला लांबची नळी, दुसऱ्या बाजूला जवळची. धुराचे धक्के सारख्या अंतराने पोचत नाहीत, म्हणून गाडी लंगडत बोलते. पुढे जपानी एसटीआयमध्ये नळ्या सारख्या लांबीच्या झाल्या, टर्बो सुधारला, आणि आवाज गेला. कामगिरी वाढवून लोकांना हळहळायला लावणारी सुधारणा मी दुसरी पाहिलेली नाही.

१९९७ : जिथे रस्ता फुटला

या प्रकरणातलं खरं वळण १९९७ चं. त्या वर्षी 'वर्ल्ड रॅली कार' नावाचा नवा वर्ग आला. कंपनी एखादं साधं मॉडेल भरपूर बनवत असेल तर पुरे. टर्बो आणि चारचाकी यंत्रणा फक्त रॅलीच्या गाडीत बसवली तरी चालेल, तशा गाड्या गिऱ्हाइकाला विकायची सक्ती नाही. युरोपातल्या ज्या कंपन्यांकडे असली गाडी नव्हती त्यांना आत आणायचं, हा हेतू होता आणि तो सफलही झाला. पण त्याच दिवशी अडीच हजारांच्या नियमाचा मुडदा पडला.

सुबारूने नवा वर्ग घेतला. प्रोड्राइव्हने दोन दारांची, रुंद पाखांची इम्प्रेझा बांधली आणि १९९५, १९९६ पाठोपाठ १९९७ चंही कंपन्यांचं जगज्जेतेपद सुबारूने नेलं. मार्च १९९८ मध्ये तिच्यासारखी दिसणारी २२बी जपानमध्ये ४०० गिऱ्हाइकांना विकली. लक्षात घ्या, ही गाडी नियमाने मागितलेलीच नव्हती. रॅलीची गाडी आधी झाली आणि तिची आठवण म्हणून रस्त्याची गाडी नंतर काढली. नातं उलटं झालं होतं.

मित्सुबिशी जुन्या ग्रुप ए मध्येच राहिली. विकतो तीच खेळतो, हा हट्ट होता म्हणा किंवा काटकसर म्हणा. तर्काने तिने हरायला हवं होतं. पण तिच्याकडे फिनलंडचा टॉमी मॅकिनेन होता आणि तो १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं जगज्जेता झाला.

यातलं १९९८ सालचं जेतेपद सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटची रॅली ब्रिटनची. पहिल्याच दिवशी, जुन्या गाड्यांच्या शर्यतीतल्या कुणाच्या तरी गाडीने सांडलेल्या तेलावर मॅकिनेनची लान्सर घसरली, काँक्रीटच्या ठोकळ्यावर आपटली आणि मागचं चाक गमावून बसली. पठ्ठ्या तीन चाकांवर रस्त्याने निघाला, पोलिसांनी थांबवलं. खेळ खलास. आता टोयोटाच्या कार्लोस साइन्झला फक्त चौथा क्रमांक पुरे होता. शेवटचा टप्पा मार्गम. तो चौथ्या क्रमांकावर होता, शेवटची रेषा काही शे मीटरांवर आलेली. आणि कोरोलाच्या बॉनेटखालून धूर निघाला. इंजिन गेलं. सहचालक लुइस मोयाने हेल्मेट फेकून मागची काच फोडली. मॅकिनेन ५८ गुण, साइन्झ ५६. तीच रॅली मित्सुबिशीच्याच रिचर्ड बर्न्सने जिंकली आणि मित्सुबिशीला कंपन्यांचं तिचं एकमेव जगज्जेतेपद मिळवून दिलं.

पुढच्याच वर्षी बर्न्स सुबारूत गेला आणि २००१ मध्ये, २५ नोव्हेंबरला, तिथे जगज्जेता झाला. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, मेंदूच्या गाठीने तो गेला. मॅकिनेनही २००२ मध्ये सुबारूतच आला आणि माँटे कार्लोला आपला चोविसावा आणि अखेरचा विजय मिळवला. या दोन तंबूंत कट्टर वैर होतं म्हणतात, ते समर्थकांत. चालक सहज इकडून तिकडे गेले.

२००१ च्या सानरेमो रॅलीपासून मित्सुबिशीही नव्या वर्गात उतरली आणि पहिल्यासारखी कधीच जिंकली नाही. त्यात २००० साली उघड झालं होतं की कंपनीने गिऱ्हाइकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं दडवल्या होत्या. २००४ मध्ये मोठ्या भागीदार डाइमलर-क्रायस्लरने आणखी पैसे द्यायला नकार दिला. २००५ संपताना रॅलिआर्ट जागतिक रॅलीतून बाहेर पडलं. सुबारू २००३ मध्ये पेटर सोलबर्गच्या हातून एका गुणाने चालकांचं जगज्जेतेपद जिंकली, मग उतरणीला लागली आणि डिसेंबर २००८ च्या मंदीत तीही गेली.

नियम मेला, गाड्या का जगल्या?

१९९७ मध्येच कारण संपलं, तरी ईव्हो २०१५ पर्यंत आणि एसटीआय त्यापुढेही का चालली? एक उत्तर अमेरिका. डब्ल्यूआरएक्स तिथे २००१ मध्ये पोचली आणि इतकी खपली की मित्सुबिशीला २००३ मध्ये ईव्हो ८ न्यावी लागली. सुबारूने त्यावर अडीच लिटरची, ३०० अश्वशक्तीची एसटीआय सोडली. आधी जी भांडणं फिनलंडच्या जंगलात व्हायची ती आता कॅलिफोर्नियातल्या पार्किंगमध्ये होऊ लागली.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ते म्हणजे 'ग्रुप एन', जवळजवळ शोरूममधून निघालेल्या गाड्यांचा वर्ग. वरच्या वर्गात कंपन्या आल्या-गेल्या, इथे जुनी अट शिल्लक होती. आणि इथे या दोघींशिवाय तिसरी कुणी नव्हतीच म्हणा ना. उरुग्वेच्या गुस्ताव्हो ट्रेयेसने १९९६ ते १९९९ चार वेळा हा वर्ग मित्सुबिशीतून जिंकला. २००२ मध्ये मलेशियाचा करमजीत सिंग जिंकला तो प्रोटॉन पर्टमधून, पण पर्ट म्हणजे बिल्ला बदललेली ईव्होच. २००३ ला सुबारू, २००४ ला मित्सुबिशी. मग तोशी आराई आणि कतारचा नासेर अल-अतिया यांनी २००५ ते २००७ सुबारूसाठी. पुढची तीन वर्षं मित्सुबिशी, त्यांतली दोन पोर्तुगालच्या आर्मिंडो आराउजोची. २०११ ला न्यूझीलंडचा हेडन पॅडन सुबारूत, २०१२ ला मेक्सिकोचा बेनितो गेरा मित्सुबिशीत. मोठ्या संघांनी तंबू गुंडाळल्यावर ही लढाई पुढची काही वर्षं स्वतःच्या खिशाला चाट लावून खेळणाऱ्या माणसांनी चालवली.

आपल्याकडे ईव्होची सावली पोचली ती वेगळ्याच वाटेने. हिंदुस्तान मोटर्सने १९९८ पासून चेन्नईजवळ तिरुवल्लूरला साधी लान्सर बनवायला घेतली, दीड लिटर पेट्रोल आणि दोन लिटर डिझेल. माझ्या चुलतभावाकडे तीच होती, पुण्यात, आणि मागे ईव्होसारखा पंख त्याने स्थानिक गॅरेजमधून फायबरचा करून घेतला होता. मी एकदा हसलो तर म्हणाला, "अरे, पंख खोटा आहे, पण नाव तर खरं आहे ना?" कात्रजच्या घाटात तो पंख थरथरायचा, गाडी मात्र ऐटीत चढायची. आपल्या राष्ट्रीय रॅलींत याच लान्सर आणि नंतरच्या सेडिया वर्षानुवर्षं पळाल्या. त्यांच्यात टर्बो नव्हता, पण चिखलात मार खायची खोड रक्तातली होती.

शेवटाची सुरुवात

२००७ च्या ऑक्टोबरात दोघींनीही कूस बदलली, आणि दोघींनीही थोडी चुकीच्या बाजूला. ईव्हो १० मध्ये ४जी६३ गेलं. त्याच्या जागी ४बी११ आलं, ज्याचा पाया मित्सुबिशी, ह्युंदाई आणि क्रायस्लर यांनी मिळून घातला होता. दोन क्लचचा गिअरबॉक्स आला, आणखी हुशार चारचाकी यंत्रणा आली, आणि वजन दीड हजार किलोच्या पुढे गेलं. गाडी वाईट मुळीच नव्हती. फक्त आता ती महागड्या जर्मन गाड्यांच्या रांगेत उभी होती, आणि आत बसल्यावर हाताला लागणारं प्लास्टिक त्या रांगेतलं नव्हतं. सुबारूने तर एसटीआयची डिकीच कापून तिला हॅचबॅक केलं. अमेरिकेत ओरड झाली, आणि डिकी २०१० मध्ये परत आली.

त्याच सुमारास मित्सुबिशीची दिशा विजेकडे आणि उंच गाड्यांकडे वळली होती. २०१३ च्या आउटलँडर पीएचईव्हीने (वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या उंच गाडीने) ती पक्की केली. ईव्होची 'फायनल एडिशन' २०१५ मध्ये निघाली, जपानला १००० आणि अमेरिकेला १६००. २०१६ मध्ये कंपनीने इंधनबचतीच्या चाचण्यांत फेरफार केल्याचं कबूल केलं आणि निस्सानने ३४ टक्के हिस्सा घेतला. त्या घरात यापुढे ईव्होचं नाव काढणं म्हणजे कर्जात बुडालेल्याने शर्यतीच्या बैलजोडीचं बोलणं. २०१७ मध्ये 'एक्लिप्स' हे स्पोर्ट्स कारचं नाव उंच क्रॉसओव्हरवर चिकटवलं गेलं तेव्हा उरलीसुरली आशाही मी सोडली. रॅलिआर्ट हे नाव २०२१ मध्ये पुन्हा बाहेर काढलं, आणि २०२२ ची एशिया क्रॉस कंट्री रॅली जिंकलीही. ट्रायटन पिकअपमधून.

सुबारूचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, कारण तिथे पैशांची चणचण नव्हती. २०१९ च्या अखेरीस जपानमध्ये 'ईजे२० फायनल एडिशन' निघाली, संख्या ५५५. हा आकडा सुबारूच्या निळ्या-पिवळ्या रॅली गाड्यांवरच्या सिगारेटच्या नावाचा. गाड्या सोडत काढून वाटल्या. तीस वर्षं चाललेलं इंजिन असं चिठ्ठ्या टाकून निरोप घेतं झालं. मग मार्च २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की नव्या डब्ल्यूआरएक्सवर पेट्रोलची एसटीआय निघणार नाही.

कारण उत्सर्जनाचं, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. हे नियम एकेका गाडीला नाही तर कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागतात. टोयोटासारखी कंपनी दहा हायब्रिड विकून एका खादाड गाडीचं पाप धुते. सुबारू वर्षाला दहा लाखांच्या आत गाड्या विकते, त्यांतल्या बहुतेक चार चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे आधीच थोड्या जास्त पिणाऱ्या. तिच्या वहीत एसटीआयची प्रत्येक विक्री लाल शाईने लिहावी लागते. ज्या प्रकारच्या नियमाने गाडी जन्माला घातली, तसल्याच दुसऱ्या नियमाने ती नेली.

पुढचं चित्र अस्पष्ट आहे, पण कोरं नाही. २०२५ च्या जानेवारीत सुबारूने डब्ल्यूआरएक्सवर बेतलेली एस२१० दाखवली, फक्त ५०० गाड्या, गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेला, आपोआप चालणारा. आधी हसलो, मग मुकाट यादीत किती नावं पडतात ते पाहत बसलो. त्याच वर्षी ऑक्टोबरात टोकियोच्या प्रदर्शनात दोन कल्पना शेजारी शेजारी उभ्या होत्या : परफॉर्मन्स-ई एसटीआय, विजेची, आणि परफॉर्मन्स-बी एसटीआय, बॉक्सर इंजिनाची. बी ला डिकी नाही, ती हॅचबॅक. माझा अंदाज असा की एसटीआय हे नाव परत येईल, चार दारांची डिकीवाली एसटीआय कदाचित येणार नाही. मित्सुबिशीकडून तर मला कसलीच अपेक्षा नाही, आणि त्यात मी चुकलो तर मला आनंदच होईल.

जुना धंदा मात्र तिसऱ्याच घराने पुन्हा सुरू केला. टोयोटाने २०२० मध्ये जीआर यारिस आणली. रॅलीच्या गाडीला चांगला पाया मिळावा म्हणून आधी रस्त्याची गाडी तशी बांधायची, हीच ती जुनी चाल. तेव्हा टोयोटाचा रॅली संघ कोण चालवत होतं? टॉमी मॅकिनेन. गंमत पुढे आहे. त्या यारिसवर बेतलेली वरच्या वर्गाची रॅली कार कोविडमुळे रद्द झाली, आणि २०२२ पासून नियमच बदलून नळ्यांच्या सांगाड्यावरच्या गाड्या आल्या. रस्त्याची गाडी ज्यासाठी बांधली ते कारणच नाहीसं झालं. तरी ती विकली जाते आहे, आणि तिच्यावर बेतलेली खालच्या वर्गाची 'रॅली२' गाडी २०२४ पासून जगभर खाजगी चालक खेळवत आहेत.

जपानमध्ये या जीआर यारिसचा 'आरसी' नावाचा एक प्रकार मिळतो, स्पर्धेसाठी घेणाऱ्यांचा. मनोरंजनाचा पडदा नाही. एसी हवा असेल तर वेगळे पैसे द्या.